पूल झाले, पण बार्राच्या धक्क्याचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाच्या दळणवळणाविषयी छापून येतं तेव्हा गांबिया नदीवरच्या फराफेनीच्या पुलाचा फोटो हमखास असतो. जानेवारी २०१९ मध्ये खुल्या झालेल्या या ९४२ मीटरच्या पुलाने मोठं काम केलं, हे खरंच. त्याआधी मालट्रक फेरीबोटीसाठी दिवसचे दिवस रांगेत अडकत. नाहीतर सेनेगलमधल्या तांबाकुंडावरून लांबचा वळसा. २०२१ मध्ये नदीच्या वरच्या अंगाला बासे आणि फातोतो इथेही पूल झाले.

पण राजधानी बांजुल आणि पलीकडचं बार्रा यांच्यामध्ये, नदीच्या मुखाशी, आजही फेरीबोटच आहे. पुलावरून जायचं तर दोनशे किलोमीटरहून जास्त फेरा पडतो. म्हणून इथेही पूल बांधा, अशी मागणी होते. पण मुखाशी पाच किलोमीटरच्या आसपास रुंदी, खारं पाणी, मऊ गाळ आणि जहाजांची येण्याजाण्याची वाट. इथला पूल म्हणजे त्या छोट्या देशाच्या मानेवर कर्जाचं जू. पूल होईल तेव्हा होईल; तोवर फेरी धड चालावी, याकडे मात्र कोणाचं लक्ष नाही.

फेरीसेवेत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे धक्क्याचा उतार. भरती-ओहोटीत पाणी दीड मीटर खाली गेलं आणि गाड्या ज्यावरून चढतात ती बोटीची फळी बारा मीटर लांब असली, तर चढ आठास एक इतका वाढतो. मग लांब ट्रकचं पोट फळीच्या काठाला घासतं, मागची चाकं ओल्या शेवाळावर फिरत राहतात आणि सगळा भार फळीच्या बिजागरीवर येतो. बिजागरीची पिन वाकली की बोट कामातून गेली, इंजिन कितीही नवं असो. यावर उपाय पाण्याबरोबर वरखाली होणाऱ्या तरंगत्या धक्क्याचा. तो होईपर्यंत निदान ऐन ओहोटीच्या तासाभरात अवजड ट्रक चढवू नयेत आणि उतारावरचं शेवाळ रोज खरवडावं. याला कर्ज लागत नाही.

दुसरं इंजिनांचं. नदीचं पाणी गाळाचं. ते इंजिन थंड करायला आत घेतलं जातं, गाळणी तुंबते, पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, झिजतो, इंजिन तापतं आणि बंद पडतं. तेही भर प्रवाहात, जिथे ओहोटीचा ओढा सरळ समुद्राकडे. गाळणी प्रत्येक पाळीला धुणं, इम्पेलरचे दोन-तीन जोड बोटीवरच ठेवणं आणि गंज स्वतःवर घेण्यासाठी तळाला लावलेल्या जस्ताच्या वड्या अर्ध्या झिजण्याआधी बदलणं, एवढ्याने बरेच बिघाड टळतील. नव्या बोटीच्या खरेदीतच पाच वर्षांच्या सुट्या भागांची रक्कम धरली पाहिजे. ती धरली नाही, तर एक बोट चालवायला दुसरीचे भाग काढावे लागतात आणि शेवटी दोन्ही उभ्या राहतात.

फेरी बंद पडली की माणसं पिरोगमध्ये, म्हणजे लांबट लाकडी होड्यांमध्ये बसतात. हमाल बायका-मुलांना खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून होडीपर्यंत नेतात. ही होडी बंद करा म्हणणं सोपं आहे, पण त्या माणसांनी जायचं कसं? माणशी एक लाइफ जॅकेट, ते प्रत्यक्ष अंगात घातलेलं, आणि होडीच्या कडेवर भरण्याची कमाल रेघ स्पष्ट रंगवलेली, एवढं तरी सक्तीचं हवं.

आणि पूल झालेल्या रस्त्यावर वजनकाटा हवाच. ट्रकच्या एका आसाला (ॲक्सलला) ११.५ टन ही पश्चिम आफ्रिकेतली ठरलेली मर्यादा. त्यावर वीस टक्के जास्त लादलं, तर रस्त्याची झीज साधारण दुप्पट होते, कारण ती भाराच्या चौथ्या घाताने वाढते. टोलनाक्यावर पैसे घेताना ट्रक थांबतोच; त्याच वेळी त्याचं वजन करावं, आणि जादा माल तिथेच उतरवून घ्यावा. नुसता दंड घेऊन सोडलेला ट्रक पुढचा सगळा रस्ता तितकाच चिरडत जातो.

आपला,
एक वाचक