वरवंट्याला लावलेला चमचा

वाळपई (गोवा),
रविवार दुपार

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पोर्शन पुरा होतो ना? की सगळा तास प्रश्न विचारण्यातच जातो?" पाऊस पत्र्यावर कोसळत होता, तुमचा आवाज तुटत होता. मी "होतो, होतो" म्हणून फोन ठेवला. पण ते काही उत्तर नव्हे, म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे. आईच्या चष्म्याचा नंबर बदलून होईतो तुम्हीच तिला वाचून दाखवा.

पोर्शन पुरा होतो. दहावीच्या मुलांचे मार्कही घसरलेले नाहीत. पण तुम्ही चाळीस वर्षं फळ्यासमोर काढलीत, तेव्हा तुमच्या विचारण्यामागची काळजी मार्कांपुरती नाही, हे मला कळतं. मी मुलांना नको त्या वाटेला तर लावत नाही ना, असं तुम्हाला विचारायचं होतं.

इथली मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीत येऊन पडतात. नववीत मी "व्हाय?" म्हटलं की वर्ग खाली मान घालायचा. पहिली दोन वर्षं मी समजत होते की या मुलांना विचार करायची सवयच नाही. ती माझी मोठी चूक होती. एकदा भर पावसात वीज गेली, वर्गात पुस्तक दिसेना. मी आपल्या भाषेत सहज विचारलं, "पोफळीची एकच ओळ सुकली आणि बाजूची हिरवी राहिली, तर तुम्ही काय बघाल?" मग काय विचारता! पाटाचं पाणी तिथवर पोचतं का, मुळाशी पाणी साचतं का, बुरशीचा कोळे रोग आहे का, वरच्या बागायतदाराने पाट तर वळवला नाही ना. एक एक कारण काढायचं, तपासायचं, बाजूला ठेवायचं. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, बापाबरोबर राबताना ही मुलं रोज हेच करतात. फक्त शाळेच्या फाटकाशी आली की ते बाहेर ठेवून आत येतात, कारण आत "कारणे द्या"चं उत्तर गाइडमध्ये छापलेलं असतं. तेव्हापासून मी आधी आपल्या भाषेत विचारते, वाद होऊ देते, आणि मग इंग्रजीत लिहून घेते. वेळ जास्त जातो, हे खरं.

आता जूनमध्ये झालं ते सांगते. यात चुकले मीच.

बिळांत पाणी शिरलं की साप पडवीपर्यंत येतात, म्हणून नववीत तो विषय घेतला. फळ्यावर चार नावं लिहिली: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस या चारांच्या विषावर चालते, तेव्हा साप चावला की सरळ इस्पितळ गाठायचं, असं सांगितलं. इथवर ठीक होतं. पुढे म्हणाले, "मंत्राने विष उतरतं हे सगळं थोतांड आहे." मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे आजोबा गावात साप उतरवतात. "टीचर, माझ्या आजोबांच्या हातून आजवर एकही माणूस गेलेला नाही." एवढंच बोलून तो खाली बसला. दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

मला त्या दोन रात्री झोप लागली नाही. तो आजोबांच्या शब्दावर विश्वास ठेवत होता आणि मी म्हणत होते, त्यांच्या नको, माझ्या शब्दावर ठेव. त्याला विचार करायला मी जागा कुठे ठेवली होती?

तो आला त्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली आणि फळ्यावर चार घरांचा चौकोन काढला. मंत्र घातला आणि वाचला. मंत्र घातला आणि गेला. घातला नाही आणि वाचला. घातला नाही आणि गेला. पहिलं घर पाच मिनिटांत भरलं, प्रत्येकाचा कोणी ना कोणी मामा-काका तिथे होता. तिसरं घर रिकामंच. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "माझ्या आईला लावणीच्या वेळी दिवड चावली. हळद दाबली आणि परत चिखलात उतरली." त्यानंतर तेही घर भरत गेलं. ज्यांना काहीच झालं नाही, त्यांची गोष्ट गावात कोणी सांगत नाही. दुसऱ्या घराशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. मांत्रिकाच्या अंगणातून उशिरा गाडीत घातला आणि बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पोचायच्या आधीच गेला, त्याला कुठल्या घरात लिहायचं? मुलं बराच वेळ गप्प होती.

मग मी सांगितलं की दिवड, धामण यांना विष नसतंच, आणि विषारी सापसुद्धा कधी कधी विष न सोडता नुसता चावतो. आजोबांविषयी एक शब्द काढला नाही. तो मुलगा घरी जाऊन आजोबांनाच विचारून आला. म्हातारबा म्हणाले, "पापण्या जड झाल्या किंवा हिरडीतून रक्त आलं की मी मंत्र घालत बसत नाही. गाडी आणा म्हणतो." म्हणजे त्यांना माहीत होतं! नातवाने पुढचं विचारलं, "पण मण्यार चावली तर सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग तेवढा वेळ का घालवायचा?" आता आजोबा म्हणतात, आधी गाडी बोलवा, मंत्र मी गाडीत बसून घालतो.

बाबा, हे त्याने वर्गात सांगितलं तेव्हा माझे डोळे भरून आले. आजोबांचा मान तसाच राहिला आणि चावलेल्या माणसाचा तास-दीड तास वाचला. मी थोतांड म्हणून हे कधीच झालं नसतं.

तसंच काजूच्या दिवसांत झालं. इथे सत्तरी तालुक्यात 2015 साली माकडतापाची साथ आली, माणसं दगावली, तुम्हाला आठवत असेल. एका मुलीच्या घरी अजून ठाम समजूत आहे की काजूची बोंडं खाल्ल्याने तो ताप येतो, कारण बोंडं पिकतात तेव्हाच ताप येतो. दोन गोष्टी एका वेळी येतात हे तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. मी म्हटलं, त्याच दिवसांत अजून काय काय होतं ते लिहून आणा. मुलांनी वहीचं पान भरून आणलं: पाचोळा वाढतो, माणसं पहाटेपासून काजूखाली बिया वेचतात, गुरं रानात जातात, अंगाला गोचड्या लागतात. मग मी माहिती दिली. हा विषाणू 1957 मध्ये कर्नाटकात शिवमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, तो गोचिडीतून येतो, माकड मरून पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचड्या आजूबाजूला पसरतात, आणि गोचिडीची पिल्लं कोरड्या महिन्यांतच जास्त असतात. त्या मुलीने स्वतःच बोंड खोडलं आणि पाचोळ्याखाली रेघ मारली. पुढच्या हंगामात आईला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लावणार म्हणते.

सगळं गोडच आहे असं नाही. एक पालक शाळेत आले होते, चांगलेच तापलेले. "मुलगी उलट बोलायला लागली, तुम्ही हेच शिकवता काय?" मुलीने बापाला मोबाइलवर आलेल्या एका औषधाच्या मेसेजबद्दल चारचौघांत विचारलं होतं, "हे कोणी लिहिलंय?" बाबा, तुम्ही आम्हाला मूलभूत कर्तव्यं पाठ करायला लावायचात. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने घटनेत आलेली, त्यातलंच एक वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवण्याचं. ते त्यांना सांगावं असं क्षणभर ओठांवर आलं होतं, पण त्या माणसाला घटनेचं कलम नको होतं. त्याला वाटत होतं की लेक हातची जाते आहे. मी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि लेकीची वही दाखवली. जाताना ते शांत होते, पटलं असेल असं नाही. मुलांना मात्र मी आता हेही शिकवते की कुठे विचारायचं, कोणासमोर आणि कुठल्या आवाजात. हे मला आधी सुचायला हवं होतं.

आणि आई, हे सगळं मी कुठे शिकले ते तुला ठाऊक आहे का? 21 सप्टेंबर 1995. गणपती दूध पितो म्हणून वाड्यावर धावाधाव चालली होती. तू देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीच्या सोंडेला चमचा लावलास, दूध कमी झालं, शेजारणींनी हात जोडले. तूही जोडलेस. मग त्या गेल्यावर तू स्वयंपाकघरात आलीस आणि तोच चमचा वरवंट्याला लावलास. दूध तिथेही कमी झालं. तू बोट फिरवून मला पाट्यावर ओघळलेली दुधाची बारीक रेघ दाखवलीस. काही बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी पूजा नेहमीसारखीच केलीस, दूर्वा मोजून वाहिल्यास. दूध असं का ओढलं जातं ते सांगणारे केशाकर्षण, पृष्ठताण हे शब्द मला फार पुढे भेटले. वर्गात ते समजावताना मी अजून वरवंटा घेऊन जाते.

आता एक काम. बाबा, तुम्ही अंगणात सरळ काठाचा डबा ठेवून रोज सकाळी पट्टीने पाऊस मोजायचात, त्या वह्या माळ्यावर आहेत ना? इथे सगळे म्हणतात, "पूर्वी मृगाला हमखास पाऊस लागायचा." मुलं मला विचारतात, खरंच लागायचा का. मी म्हटलं, माझ्या वडिलांकडे लिहून ठेवलेलं आहे, ते बघून ठरवू. आपल्या पेडण्यातला पाऊस वेगळा आणि सत्तरीतला वेगळा, त्याचं काय करायचं हे त्यांनीच शोधायचं आहे.

चवथीला येईन तेव्हा वह्या घेऊन जाईन. वाळवी लागली नाही ना तेवढं मात्र आताच बघा. गणपतीवर बांधायच्या माटोळीला घागऱ्यो, त्या रानटी शेंगा, मिळत नाहीत म्हणत होतात, त्या इथल्या रानातून मुलं आणून देणार आहेत.

तुमची,
बाय