दर्या, मोहोर आणि दशावतार : हवामानबदलाच्या प्रयोगासाठी सहकार्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने यंदा एक काम हाती घेतले आहे. केवळ वर्गणीदारांच्या बळावर ते तडीस जाणारे नाही, म्हणून हे आवाहन करीत आहोत. हवामानबदलाविषयी शास्त्रज्ञांना जे ठाऊक आहे, ते दशावतार हे लोकनाट्य आणि चित्रे दाखवत कथा गाणारी पिंगुळीची चित्रकथी या आपल्या मातीतल्या दोन कलांतून किनाऱ्यावरच्या गावांपुढे मांडायचे, आणि त्यासाठी अभ्यासक व कलावंत यांनी पहिल्या दिवसापासून एकत्र बसायचे, असे या कामाचे स्वरूप आहे.

माहितीचा दुष्काळ आहे म्हणून हा खटाटोप नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ नंतर ही वाढ वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या पुढे गेली, हे केव्हाच प्रसिद्ध झाले आहे. पण वर्षाला साडेतीन मिलिमीटर हे ऐकून कोणाचीही झोप उडत नाही. तेच पाणी अमावास्येच्या उधाणाला खारबंधारा ओलांडून खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या भातजमिनीत, उतरले आणि मीठ धुऊन जाईपर्यंत तिथे भात लावता येईना, की मग ते घरचे दुखणे होते. बंदरावर वादळी हवेचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागला की होड्या वर ओढायच्या, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळते. मात्र ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकलेले ‘निसर्ग’ आणि पुढच्याच वर्षी १६ मे रोजी आपल्या किनाऱ्याला झोडपून गेलेले ‘तौक्ते’ यांना बळ देणारे अरबी समुद्राचे पाणी गेल्या काही दशकांत तापत आले आहे, हे त्या बावट्याशी जोडून सांगणारे कोणी नाही.

असे प्रयत्न जगात इतरत्र झाले आहेत. ओलाफुर एलियासन हे कलावंत आणि मिनिक रोझिंग हे भूवैज्ञानिक यांनी ग्रीनलँडच्या समुद्रात तरंगणारे हिमखंड २०१४ मध्ये कोपनहेगनच्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये, हवामान परिषद भरली असताना, पॅरिसच्या चौकात आणून घड्याळाच्या तबकडीसारखे मांडले. लोकांनी ते हाताने चाचपले, त्यांना कान लावले. आपल्याकडे बर्फ आणून उपयोग नाही, मे महिन्यात तो मासळीच्या पेट्यांनाच पुरत नाही. आम्हाला अधिक जवळचे वाटते ते एड हॉकिन्स या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये लोकांपुढे आणलेले पट्ट्यांचे चित्र. एका वर्षाला एक उभा पट्टा, थंड वर्षाला निळा, उष्ण वर्षाला लाल. त्यावर ना आकडा, ना अक्षर. कोकणच्या तापमानाच्या नोंदींवरून असे पट्टे काढून ते चित्रकथीच्या प्रत्येक चित्राला काठ म्हणून द्यावेत, अशी कल्पना बैठकीत पुढे आली आहे. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची ही कला परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर देशभर पोहोचली. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने एकेक चित्र पुढे धरून कथा गाण्याच्या या रीतीत मोहोर, मासळी आणि उधाण यांची कथा सहज बसेल, असे आम्हाला वाटते.

खरी कसोटी दशावताराची आहे. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. प्रयोगापूर्वी नटांना कथानक सांगितले जाते आणि संवाद रंगमंचावर, समोरच्या प्रेक्षकांचा अंदाज घेत, तिथल्या तिथे जन्मतात. हेच या नाटकाचे सामर्थ्य आहे; पण टाळ्या पडू लागल्या की वीस सेंटिमीटरचे वीस फूट व्हायला वेळ लागत नाही, अशी धास्ती अभ्यासकांनी बोलून दाखवली, आणि ती रास्त आहे. त्यावर बरीच चर्चा होऊन असे ठरले की आकडे आणि कारणे सांगण्याचा अधिकार एकट्या सूत्रधाराचा राहील, त्याचे शब्द पक्के असतील, आणि बाकीच्या पात्रांनी, विशेषतः सूत्रधाराशी हुज्जत घालणाऱ्या विनोदी संकासुराने, त्याला हवे तितके आडवे प्रश्न विचारावेत. किनारा खचला की सगळे खापर तापमानवाढीवर फोडायचे नाही, वाळूउपशाचा आणि चुकीच्या जागी घातलेल्या बंधाऱ्यांचा वाटाही सांगायचा, हेही ठरले आहे. पावसाळा लांबला की हापूसच्या झाडाला मोहोराऐवजी पालवी का फुटते, हा प्रवेश बागायतदारांच्याच सल्ल्याने बसवला जाईल.

बैठका १ जूनपासून सुरू होणाऱ्या मासेमारीबंदीच्या काळात होतील, कारण तेव्हाच मच्छीमार बांधवांना सवड असते. कार्तिकातील जत्रांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी पहिला प्रयोग व्हावा, असा प्रयत्न आहे.

या सर्वांसाठी अंदाजे २ लाख ४० हजार रुपये खर्च येईल. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम कलावंतांच्या मानधनाची आहे आणि त्यात काटछाट करण्याची आमची तयारी नाही. जनजागृतीच्या नावाखाली कलावंताला शाल-श्रीफळावर राबवण्याची जी चाल पडली आहे ती आम्हाला मान्य नाही. अभ्यासकांनी विनामूल्य वेळ देण्याचे कबूल केले आहे, ही त्यांची उदारता आहे. पण हंगामावर पोट असलेल्या नटाकडून तीच अपेक्षा धरता येत नाही. उरलेली रक्कम कागद, रंग, ध्वनियंत्रणा आणि गावोगावच्या प्रवासासाठी लागेल.

पैशांइतकीच आम्हाला आपल्या घरातल्या कागदांची गरज आहे. बागायतदारांच्या फवारणीच्या वह्या, ज्यांत मोहोर कधी आला आणि पहिली पेटी कधी गेली हे टिपलेले असते. किनाऱ्यावरून मिळून जाळे ओढणाऱ्या रापण संघांची जुनी हिशेबाची पुस्तके. किनाऱ्यावर काढलेले, मागे तारीख किंवा निदान वर्ष लिहिलेले लग्नाचे वा सहलीचे फोटो, ज्यांत सुरूचे बन आणि पाणी यांच्यातले अंतर दिसते, हे सर्व अभ्यासकांना हवे आहे. मूळ कागद आपल्यासमोर छायाचित्रित करून लगेच परत केले जातील. मुंबईस्थित चाकरमान्यांनी गणपतीला येताना जुने अल्बम सोबत आणावेत, अशी खास विनंती आहे.

तालमीसाठी पावसात न गळणारी जागा, बाहेरून येणाऱ्या मंडळींच्या जेवणाची एखाद्या दिवसाची सोय, किंवा आपल्या वाडीत प्रयोग ठेवण्याची तयारी, यांपैकी काहीही कळवल्यास आम्ही आभारी राहू. देणगी रोख किंवा धनादेशाने वाचनालयात स्वीकारली जाईल, प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च दरमहा सूचनाफलकावर लावला जाईल. वाचनालय सोमवार सोडून रोज सायंकाळी उघडे असते.

आपली,
कार्यकारिणी, सार्वजनिक वाचनालय