सूक्ष्मदर्शक परत आणायचा आहे : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
सप्रेम नमस्कार.

विषय प्रयोगशाळेचा आणि पत्र अर्थ खात्याला, याचं नवल वाटू नये. संशोधनाची उपकरणं फ्रान्सला नेऊन परत आणायची, तर आमचं घोडं पेंड खातं ते सीमाशुल्काच्या काउंटरवर, आणि तो विभाग आपल्याकडे येतो.

मी नाशिकमध्ये वनस्पतिरोगशास्त्र शिकवतो. काम द्राक्षावरच्या डावणीचं. ऑक्टोबरच्या सुमाराच्या फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस लागला की दिंडोरी-निफाडच्या बागाईतदाराची झोप उडवणारा हा रोग फ्रान्समध्ये १८७८ पासून ठाण मांडून आहे. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण तिथलंच. तिथे डावणी मे-जूनमध्ये जोर धरते, म्हणजे फळं निघाल्यावरची आपली एप्रिलची खरड छाटणी उरकल्यावर. दोन्हीकडच्यांनी मिळून काम केलं तर एका वर्षात दोन हंगाम हाती लागतात.

पण डावणी कृत्रिम माध्यमावर वाढत नाही, तिला जिवंत पानच लागतं. म्हणून तिथल्या बागेला लागूनच तात्पुरती प्रयोगशाळा मांडायची. एक खोली, टेबल, दमट हवा, २०-२२ अंश तापमान. पानाच्या चकत्या खालची बाजू वर करून ओल्या कागदावर ठेवायच्या आणि वर बीजाणूंचा थेंब सोडायचा. थेंबातले चल बीजाणू पोहत पर्णरंध्र गाठतात; आठवडाभरात पांढरी लव उठते. कुठल्या औषधाची किती मात्रा तिला रोखते, ते मोजायचं. पान, माती, बीजाणू इथून काहीच न्यायचं नाही, तो धोका पत्करूच नये. न्यायची ती आमची उपकरणं. दोन्हीकडचे आकडे ताडून पाहायचे तर मोजमापंही तीच हवीत.

अशा तात्पुरत्या ने-आणीसाठी एटीए कार्नेट, म्हणजे शुल्क न भरता वस्तू नेऊन परत आणण्याचा आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क दस्तऐवज आहे; भारतात ते फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना देते, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. व्यवस्था चांगली, पण तारण ठेवावं लागतं, आणि छोट्या महाविद्यालयाला तेच जड जातं. पिपेटच्या प्लास्टिक टिपा, पेट्री डिश, रसायनं या संपणाऱ्या वस्तू त्यात बसत नाहीत. त्या तिथेच घेता येतात. खरी कसोटी परतीची. यादीतला अनुक्रमांक वस्तूवर सापडला पाहिजे. थेंबाचं माप घेणाऱ्या मायक्रोपिपेटवरचा आकडा भिंगातून वाचावा लागतो. जुन्या सूक्ष्मदर्शकाचा पाया दुरुस्तीत बदललेला असेल, तर त्यावर एक क्रमांक आणि वरच्या भागावर दुसरा. अधिकाऱ्याचा संशय रास्त असतो, पण कागद हलेपर्यंत पेटी गोदामात आणि हंगाम बागेतून निघून जातो.

नाशिकला हे नवीन नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची बागेपासून नोंद होते, औषधांचे अंश तपासले जातात, दाखला मिळतो. ओझरला विमानतळावर कार्गो संकुल आहे. मग उपकरणांच्या पेट्याही तिथेच उघडून, फोटोंसह यादी करून, सील का लावू नयेत? तीच यादी परतताना मुंबईत ग्राह्य धरावी. मान्यताप्राप्त संस्थेसाठी तारणाऐवजी प्राचार्यांच्या सहीचा बाँड चालावा. पळवून न्यावं असं आमच्या पेटीत काही नसतं, हा भाग वेगळा.

खरड छाटणी एप्रिलमध्ये आहे. निर्णय मार्चअखेर झाला, तर येत्या मे महिन्यातच पेट्या निघतील.

आपला,
नाशिकमधला एक प्राध्यापक