मंडळीत पुन्हा रान यावं म्हणून

टिळकवाडी, बेळगाव
२९ जून

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. निपाणीच्या चर्चची मंडळी तू पाळक म्हणून हाती घेतल्यापासून पंचांचा हा पहिलाच मोठा ठराव, आणि त्यावर तू माझं मत विचारलंस. कंपाउंडची भिंत उंच करायची, वर काचा बसवायच्या आणि उरलेल्या पैशातून नवी साउंड सिस्टीम घ्यायची. माझं मत दोन्हीच्या विरोधात आहे. पण नुसतं ‘नको’ म्हणून थांबलो तर तुझा प्रश्न सुटणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. इथं पाऊस धरून बसलाय, कॉलेजला सुट्टी आहे, वेळ आहे.

भिंतीमागची भीती मला समजते. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच बेळगावच्या सुवर्णसौधात विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं, तेव्हाची हवा तुला आठवत असेल. लोक बायबल पिशवीत झाकून उपासनेला यायचे. खेड्यांतल्या घरप्रार्थना बंद पडल्या. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या भीतीला मी कमी लेखणार नाही, आणि तूही पंचांसमोर लेखू नकोस. ती माणसं आपली लेकरंबाळं बघून बोलत असतात.

पण मला खरंच वाटतं, आपण गप्प झालो ते त्या विधेयकामुळं नव्हे. आपण त्याच्या कितीतरी आधी गप्प झालो होतो. गाळ्यांचं भाडं, मिशनच्या जुन्या जमिनी, पंच कमिटीच्या निवडणुका, कोर्टातल्या तारखा, यांत मंडळीचा जीव अडकला. वार्षिक सभेत जागेच्या वादावर जेवढा वेळ जातो त्याच्या दशांशसुद्धा गावातल्या भुकेल्या माणसावर जात नाही. दावणीला बांधलेल्या बैलाला वैरण वेळेवर मिळते, अंगही चमकतं, पण त्याला दाव्यापलीकडचं काही दिसत नाही. आपली मंडळी तशी झालीय. कुणी जुलूम केला म्हणून नव्हे, वैरण मिळत राहिली म्हणून.

मार्काचं शुभवर्तमान पुन्हा काढ. पहिल्याच अध्यायात बाप्तिस्मा झाल्याबरोबर आत्मा येशूला रानात घालवतो. हळूच नेत नाही, घालवतो. आणि तो वनपशूंमध्ये होता, एवढं एकच वाक्य मार्क लिहितो. मत्तय आणि लूक परीक्षेची गोष्ट लांबवून सांगतात, पण जनावरांचा उल्लेख त्यांच्याकडं नाही. त्याच्या आधी उंटाच्या केसांचं वस्त्र नेसलेला, टोळ आणि रानमध खाणारा योहान. त्याच्याही आधी कावळ्यांनी पोसलेला एलिया. आपल्या विश्वासाची सगळी सुरुवात वस्तीबाहेर झाली. मग आपण सगळा विश्वास लाकडी बाकांवर कधी आणून बसवला?

बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याची गोष्ट मला तुझ्या ठरावाच्या संदर्भात फार लागते. मेंढरं राखणारा, उंबराच्या फळांची निगा ठेवणारा माणूस बेथेलला जाऊन बोलायला लागतो. तिथला याजक त्याला सांगतो, इथून चालू लाग, हे राजाचं पवित्रस्थान आहे. देवाचं स्थान म्हणत नाही, राजाचं म्हणतो! आणि त्याच आमोसाच्या तोंडून देव सांगतो की तुमच्या गीतांचा गलबला माझ्यासमोरून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. साउंड सिस्टीमच्या ठरावावर चर्चा होईल तेव्हा हाच उतारा वाच. राग धरून वाचू नकोस, प्रेमानं वाच.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तुझ्या मंडळीतली तरुण मुलं यालाच आत्म्याचं वारं म्हणतात असं तू लिहिलंयस. स्टेज, ड्रम, रंगीत दिवे, फ्लेक्सवर पाहुण्या वक्त्याचा मोठा फोटो आणि त्याखाली चमत्काराची वेळ. यात मला रान दिसत नाही, बाजार दिसतो. तरीही त्या सभांना सरसकट नावं ठेवू नकोस. तिथं धुणीभांडी करणारी बाई कुणाची परवानगी न मागता उभी राहते आणि मोठ्यानं देवाला गाऱ्हाणं घालते. आपल्या उपासनेत तिला तोंड उघडायला जागा कुठं आहे? ती जागा तिला तू दे. माईकवरच्या पोरांपेक्षा तिच्याकडं जास्त लक्ष दे.

आणि हे सगळं आपल्याला परदेशातून आणायला नको. पंडिता रमाबाई आपल्याच होत्या. १८५८ साली त्या जन्मल्या त्या गंगामूळच्या रानात, म्हणजे आज ज्याला आपण कर्नाटकातला पश्चिम घाट म्हणतो तिथं. मराठी घरात, कर्नाटकाच्या अरण्यात! बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून वडिलांना लोकांचा रोष पत्करावा लागला, आणि ते रानात राहायला गेले. पुढं रमाबाई इंग्लंडला गेल्या, १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि तरीही तिथल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांनी सांगितलं ते सगळं मान खाली घालून कबूल केलं नाही. माझ्या विवेकावर ख्रिस्ताचा अधिकार आहे, चर्चच्या अधिकाऱ्यांचा नाही, ही त्यांची भूमिका होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-विधवांना घेऊन आल्या. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे हाल झाले, तेव्हा सरकारविरुद्ध उघड लिहिलं. १९०५ साली केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये जी जागृती झाली, ज्यात मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करत होत्या, ती याच भूमीतून उगवली. लोक केडगावची ती प्रार्थना सांगतात आणि तिच्या आधीची दुष्काळातली पायपीट विसरतात. मला या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत.

आता टिळकांकडं येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपण दर रविवारी त्यांची पदं गातो, पण त्यांनी शेवटी काय केलं ते कुणी सांगत नाही. बावीस वर्षं ख्रिस्ती राहिल्यावर, मिशनमध्ये मान असताना, १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूचे शिष्य त्या दरबारात एकत्र बसणार होते. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि काम वाढण्याआधीच थांबलं. पण विचार कर, केवढी हिंमत! चर्चच्या रजिस्टरमध्ये नाव आहे की नाही हे न विचारता माणसाला ख्रिस्ताच्या पायाशी बसवायचं.

हे आज आपल्या भागाला किती लागू आहे बघ की. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी धर्माला बांधली. आधी फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आत आले, ख्रिस्ती आजही बाहेर. म्हणून चिकोडी, हुक्केरी, खानापूरच्या खेड्यांत येशूवर जीव असलेली कितीतरी माणसं रजिस्टरपासून लांब राहतात. पोराची शिष्यवृत्ती आणि नोकरी जातीच्या दाखल्यावर असते. आपण शहरात बसून त्यांना अर्धवट ख्रिस्ती म्हणतो, प्रभुभोजनाच्या वेळी मागं बसवतो. आणि आपल्यातच कोण मूळ कुठल्या वाड्यातलं हे लग्न जुळवताना बरोबर आठवतं! अंत्युखियात येशूचा थोरला शिष्य पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठून गेला तेव्हा पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. पेत्राला! आपल्यात आज असं सुनावणारा पाळक मला हवा आहे, आणि तो तू व्हावंस असं मला मनापासून वाटतं. निपाणीत एक दरबार भरव. महिन्यातून एका संध्याकाळी, चर्चच्या आत नव्हे, कुणाच्या तरी अंगणात. खाली सतरंजीवर बसायचं, टाळ-मृदंग घ्यायचे, टिळकांचे अभंग म्हणायचे, भाकरी-पिठलं सगळ्यांनी मिळून खायचं, आणि नाव कुणाचंच लिहायचं नाही. आपल्या शेजारच्या लिंगायत घरांत बाराव्या शतकातल्या शरणांच्या, म्हणजे शिवभक्त संतांच्या, गोष्टी सांगतात. खानापूर तालुक्यातल्या कक्केरीला ढोर कक्कय्यांची समाधी आहे, कातडी कमावणाऱ्या जातीतला तो माणूस संतांच्या पंगतीत बसला. ज्या मातीत हे आठशे वर्षांपूर्वी घडलं तिथं आपल्याला जड का जावं?

दुसरी गोष्ट लिहायला मला कठीण जातंय, पण लिहितो. १ नोव्हेंबर. त्या दिवशी आपल्या गावात काय असतं तुला सांगायला नको. एका रस्त्यावर राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्या रस्त्यावर काळ्या दिनाची फेरी. माझे वडील त्या फेरीत चालत आले, मीही चाललो आहे. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ती १९५६ ची जखम मी विसरलेलो नाही आणि माझी भाषा मी कुणाला देणार नाही. पण एकाच चर्चमध्ये मराठी उपासना वेगळ्या वेळी, कन्नड उपासना वेगळ्या वेळी, आणि दोघं एकमेकांना फाटकात ओलांडून जातात, हे मला आता सहन होत नाही. १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेळगावला आले, तेव्हापासून इथलं काम एका भाषेचं कधीच नव्हतं. पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, आत्म्यानं सगळ्यांना एका भाषेत आणलं नाही, प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं. मग १ नोव्हेंबरला, बरोबर त्याच दिवशी, दोन्ही मंडळ्यांनी एका मेजाभोवती प्रभुभोजन का घेऊ नये? भाकर मोडताना मराठी, प्याला देताना कन्नड. दोन्हीकडची माणसं रागावतील. माझ्या घरातलेच रागावतील. तरी ते झालं पाहिजे, कारण या सीमाभागात ख्रिस्ती मंडळीनं करण्यासारखं, दुसऱ्या कुणाला न जमणारं, दुसरं काम मला दिसत नाही.

निपाणीबद्दल तुलाच जास्त माहीत. तंबाखूच्या वखारीत धूळ गिळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायका तुझ्या मंडळीतही असतील. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी तिथं हमरस्ता अडवून बसले होते आणि गोळीबारात माणसं गेली. उद्या तशी वेळ आली तर तुझ्या चर्चचं फाटक उघडं असेल की बंद? उंच भिंतीला माझा विरोध आहे तो यासाठी. एल साल्वादोर देशातल्या सान साल्वादोरच्या आर्चबिशप रोमेरोंना २४ मार्च १९८० रोजी मिस्सा चालू असताना वेदीपाशी गोळी घातली. गरिबांची बाजू घेऊन ते बोलत होते. आपल्यावर तशी वेळ यावी असं मी मागत नाही. पण आपल्या बोलण्यानं कुणालाच काही त्रास होत नसेल तर आपण नक्की कोणाचं शुभवर्तमान सांगतोय?

आणि खरंखुरं रान. भीमगडच्या अभयारण्यातली गावं तुला ठाऊक आहेत, आमगाव, गवाळी. बहुतेक मराठी बोलणारी माणसं. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावर घालून चिखलातून आणावं लागतं. आपली वार्षिक रिट्रीट गोव्याच्या एसी हॉटेलात होते, आणि जांबोटीवरून जाताना गाडीची काचसुद्धा खाली होत नाही. यंदा तरुण संघाला कणकुंबीला घेऊन जा, मलप्रभा उगवते तिथं. रात्री काळोखात बसवा, फोन गोळा करा, स्तोत्रं वाचा. दुसऱ्या दिवशी पत्रकं न वाटता, उपदेश न करता त्या गावांत जा. तिथली माणसं काय म्हणतात ते ऐकून या. उठून दुसरीकडं राहायला जायचं की रानातच राहायचं, हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न आहे. त्यावर आपलं मत नंतर. नदीचा, पाखरांचा, झाडांचा देव मानणाऱ्या लोकांनी निदान नदीचं उगमस्थान पाहिलेलं असावं.

आता ठरावाचं. पंचांशी भांडू नकोस. भिंतीऐवजी त्याच पैशातून वखारीतल्या बायकांच्या छातीच्या तपासणीसाठी महिन्यातून एक दिवस डॉक्टर बोलवा, चर्चच्या हॉलमध्येच. जातीचा, धर्माचा कागद न मागता. फाटक त्या दिवशी उघडं राहील, आणि शेजारीपाजारी आत येऊन बघतील की आपण आत काय करतो. ज्यांना आपण ओळखतो त्यांच्या विरोधात दगड उचलणं माणसाला जड जातं, असं मला वाटतं. खात्री देता येणार नाही, पण काचांपेक्षा यावर माझा जास्त भरवसा आहे. डॉक्टरांची व्यवस्था मी इथून करतो. माझा एक विद्यार्थी आता डॉक्टर आहे, त्याच्याशी बोलणं झालंय. दुसऱ्या शनिवारी तो येऊ शकतो.

मी जुलैच्या शेवटी येईन. पंचांची सभा त्याच आठवड्यात ठेव. मला बोलायला सांगितलंस तर बोलेन, नाहीतर मागं बसून प्रार्थना करेन. टाळ आणि आईच्या वेळची ‘उपासना-संगीत’ या गीतांच्या पुस्तकाची जुनी प्रत बरोबर आणतो, दरबार कुणाच्या अंगणात भरवायचा ते तू आणि वहिनी ठरवून ठेवा. वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना वर्गमित्र