आईच्या वर्षाच्या मिस्सेआधी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मीच ठेवला. दादा म्हणाला, "रेंज गेली असेल." रेंज होती. तुला ठाऊक आहे, मलाही. व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं की बोट भलत्याच अक्षरावर पडतं आणि राग वाढतो, म्हणून कागद घेतला.

आधी कामाचं. आईची वर्षाची मिस्सा, चर्चमधली उपासना, 14 तारखेला, शनिवारी सकाळी 7 वाजता. मग दफनभूमीत प्रार्थना, मग घरी न्याहारी. नंदाखालची आत्या येणार, निर्मळची मंडळी येणार. तू येणार का, एवढंच विचारायला फोन केला होता.

आणि तू मला विचारलंस, "पप्पा, आईचा नवा जन्म झाला होता का?" तुझ्या नव्या मंडळीच्या भाषेत, येशूला स्वतःहून स्वीकारून.

ह्यावर मी काही लिहिणार नाही असं ठरवून बसलोय. दुसरं लिहितो.

वाडीत यंदा मोगऱ्याला कळी कमी. पानवेल बरी आहे. दादाने विहिरीवर नवी मोटर बसवली, तिचा आवाज आईला आवडला नसता. पहाटेच्या लोकलने दादरला फुलं घेऊन जायची आणि दुपारी उन्हातून परत यायची, तेव्हा तिला घरात आवाज चालायचा नाही. तू दारातल्या निळ्या पिंपातून तांब्या भरून द्यायचीस. पाय धुतल्याशिवाय ती उंबरा ओलांडायची नाही. मी म्हणायचो, "अगं, घर तुझंच आहे, ये आत." तर म्हणायची, "माझं आहे म्हणूनच."

शुद्धिस्थान, स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो ते, म्हणजे मला एवढंच कळलंय, सोनू. तू म्हणालीस, "मेल्यावर दुसरी संधी, असं बायबलमध्ये कुठे आहे?" दुसरी संधी नाहीच ती. आमची शिकवणही तसं म्हणत नाही. जो तिथे आहे तो तारलेलाच आहे, घरी पोचलेलाच आहे. पाय तेवढे धुवायचेत. आणि मिस्सा म्हणजे आपण आतून दिलेला तांब्या. पैसे देऊन तिकीट काढल्यासारखं तू बोललीस ते मला लागलं. 1517 साली प्रोटेस्टंटांचा मूळ पुढारी ल्यूथर ज्यावर चिडला तो पापक्षमापत्रांचा बाजार वाईटच होता, हे मी स्वतः धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलंय. पण फादरांच्या हातावर ठेवलेल्या पाकिटाने तुझी आई स्वर्गात जाईल असं मानणारा तुझा बाप आहे, असं तुला वाटलं तरी कसं?

मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणशील तर मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात, अध्याय 12. लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबीने वर्गणी काढून यरुशलेमला पाठवली, त्यांच्या पापांसाठी अर्पण व्हावं म्हणून. पण तुझ्या नव्या बायबलमध्ये ते पुस्तक नाही. आमची 73, तुमची 66. भांडायचं तरी कुठल्या पानावर?

तू इफिसकरांस पत्र, अध्याय 2, वचन 8 आणि 9 तोंडपाठ म्हणून दाखवलंस. कृपेने, विश्वासाद्वारे, कर्मांमुळे नाही. खरं सांगू? फोन कानाला धरून मला अभिमान वाटला. आमच्या लहानपणी बायबल कपाटात असायचं, चांदीच्या कपांशेजारी. मी अल्तारावर सेवा करायचो तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये. फादर म्हणायचे "दोमिनुस वोबिस्कुम", म्हणजे प्रभू तुम्हांबरोबर असो, आणि आमची आजी, जिला स्वतःची सहीसुद्धा येत नव्हती, ती खणखणीत आवाजात "एत कुम स्पिरितू तुओ", म्हणजे आणि तुझ्या आत्म्याबरोबर, म्हणायची. पुढे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठीत मिस्सा सुरू झाली तेव्हा ती म्हणाली, "इतकी वर्षं मी एवढंच बोलत होते होय?" अशा घरातली मुलगी आज पौलाची पत्रं पाठ म्हणते. पण 9व्या वचनाला थांबू नकोस. 10वं वाच. सत्कृत्यं करण्यासाठीच आपल्याला घडवलंय, असं तिथेच पुढे आहे. आणि 'केवळ विश्वासाने' हे दोन शब्द एकत्र बायबलमध्ये एकदाच येतात, याकोबाच्या पत्रात, 2:24 मध्ये, आणि तिथे त्यांच्यापुढे 'नाही' आहे. रोमकरांस पत्रात 'केवळ' हा शब्द ल्यूथरने जर्मन भाषांतरात आपल्याकडून...

लागलोच की शिकवायला. माफ कर. तू नेहमी म्हणतेस, पप्पांसमोर बसलं की समोर फळा दिसतो.

फळ्यावरून आठवलं. तू दहा वर्षांची असशील. माझ्याच वर्गात, सगळ्यांसमोर हात वर करून विचारलंस, "क्रुसावरच्या चोराला येशू म्हणाला, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. मग तो शुद्धिस्थानात कधी गेला?" मी म्हणालो, "खाली बस." घरी आल्यावर आईने मला विचारलं, "तुम्हाला उत्तर येत नव्हतं ना?" येत नव्हतं. त्या दिवशी "मला माहीत नाही, चल फादरांना विचारू" एवढं म्हणालो असतो, तर तुझे प्रश्न ऐकायला पुण्याचा पास्टर लागला नसता. रात्री हेच डोक्यात येतं.

तुला पुन्हा बाप्तिस्म्यासाठी पाण्यात बुडवलं त्याचे फोटो दादाच्या मोबाइलवर पाहिले. थंडी वाजत होती का? चेहऱ्यावरून वाटलं. जावईबापूंच्या घराण्याचं मला काही नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून आहे, त्या लोकांनी शाळा काढल्या, दुष्काळात माणसं जगवली. त्यांच्या आजोबांचा लहानपणचा बाप्तिस्मा आमचं चर्चही मानतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाणी पडलं की पुन्हा घालत नाही. तुझ्या पास्टरने मात्र तू चाळीस दिवसांची असताना पडलेलं पाणी पुसून टाकलं. त्या दिवशी तुझ्या सासूबाईही गेल्या नव्हत्या म्हणे. म्हणजे हे कॅथलिक-प्रोटेस्टंटही नाही. आईने तुला तिच्या लग्नातल्या साडीत गुंडाळून नेलं होतं.

पण ती रागावली नाही तुझ्यावर. तू त्या सभेला जायला लागलीस तेव्हा मी जेवलो नव्हतो, आणि ती म्हणाली, "देवाचंच नाव घेतेय ना? दुसरं काही नाही ना घेत?" रेव्हरंड टिळकांची भजनं चुलीपाशी म्हणणारी बाई ती. मी एकदा सांगितलं की टिळक प्रोटेस्टंट होते, तर म्हणाली, "असतील. चाल चांगली आहे."

तिचा नवा जन्म झाला होता का, ते तूच सांग. पलीकडच्या आळीतल्या त्या म्हाताऱ्याला टीबी झाला तेव्हा त्याची सून ताट उंबऱ्यावर ठेवून पळायची. आई सात महिने पेज घेऊन आत जात होती. कुणाला सांगितलं नाही, मलाही उशिरा कळलं. स्वर्ग कमवायला करत नव्हती गं. तिला हिशेब यायचाच नाही, दादरला सुटे पैसेसुद्धा तूच मोजून द्यायचीस. शेवटच्या आठवड्यात तिची रोझरी, जपमाळ, बघितलीस ना? दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या दशकातला एक मणी पडला होता, तिथे दोऱ्याला गाठ. ती नऊ मणी ओढायची आणि दहावी 'नमो मरीये' बोटाच्या पेरावर म्हणायची. शुद्ध हरपली तेव्हाही अंगठा त्या पेरावर फिरत होता. तू उशाशी होतीस. तू तिच्याबरोबर ओठ हलवत होतीस, मी पाहिलं. तेव्हा तू पाण्यात उतरून दोन वर्षं झाली होती.

म्हणून विचारतो, आणि विचारणार नव्हतो. आई कुठे आहे असं तुला वाटतं? ती येशूजवळ पोचली असेल तर तुमच्या हिशेबाने माझी मिस्सा फुकट. पोचली नसेल तर मिस्सेचा उपयोग नाही, म्हणून पुन्हा फुकट. ते मी सोसेन. पण ह्या दोहोंतलं दुसरं तू मनात धरून पुण्यात एकटी झोपत असशील, तर ते कसं सोसतेस, बाळा?

फादर सांगत होते, 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीत ऑग्सबर्गला लुथरन आणि कॅथलिक अशा दोघांनी एका कागदावर सह्या केल्या, की माणसाचा स्वीकार देव कृपेनेच करतो, आपल्या कुठल्या पुण्याईमुळे नाही. पुढे मेथडिस्ट आले, 2017 मध्ये रिफॉर्म्डही आले, हे दोन्ही प्रोटेस्टंट पंथच. चारशे ऐंशी वर्षं लागली. तुमच्या पास्टरांनी त्यावर सही केलेली नाही हे मला माहीत आहे. आणि शुद्धिस्थान, पोप, मरीयामाता ह्यांवरचं भांडण त्या कागदाने मिटलेलं नाही, हेही. सांगितलं इतकंच.

पहिलं वाचन रोमकरांस पत्राचं घेतलंय, अध्याय 8, मरण किंवा जीवन आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही, ते. तुमच्याही बायबलात आहे. वाचायला तुझं नाव दिलेलं नाही. कुणाचंच दिलेलं नाही अजून. मिस्सेला आत बसायचं नसेल तर दफनभूमीत ये. तिथे मेणबत्ती लावायला नको वाटली तर लावू नकोस, मोगरा चालेल ना? ती फुलंच विकायची.

शुक्रवारी रात्री निघालीस तर दादरला उतरून विरारची गाडी धर. दादा पहाटे 6 ला वसई स्टेशनवर पश्चिमेला स्कूटर घेऊन उभा असेल. तू कळवलं नाहीस तरी जा, म्हणून सांगितलंय त्याला. स्वेटर घे, इथे पहाटे दव पडतं.

तुझे,
पप्पा