बेअरिंग मोजून रील घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या मासेमारीसाठी रॉड (गळाची काठी) आणि रील (दोरी गुंडाळायचं यंत्र) कसे निवडावेत यावर पानभर मजकूर आला होता आणि खाली भलामोठा तक्ता होता. कुठल्या रीलमध्ये किती बेअरिंग, कुठल्या रॉडचा कार्बन किती ‘नंबरी’, कुणाला किती तारे. माझी उभी हयात टूलरूममध्ये गिअर आणि बेअरिंगच्या संगतीत गेली आणि सुट्ट्या गळ टाकण्यात गेल्या. तो तक्ता वाचून गप्प बसणं जमलं नाही, म्हणून हे पत्र.

तक्त्यानं सुरुवातच चुकीच्या टोकाकडून केली आहे. आधी रील, मग रॉड, आणि आमिषाचा तर उल्लेखच नाही. खरा क्रम नेमका उलटा आहे. कुठलं आमिष फेकायचं आणि ते पाण्यात कुठून ओढायचं, हे पहिलं. त्यावरून तंगूस, म्हणजे गळाची दोरी, किती जाड लागेल ते कळतं, तंगुसावरून रॉड ठरतो आणि रील सर्वांत शेवटी येतं. दुकानात शिरल्याबरोबर चकाकत्या रीलच्या कपाटाकडे धाव घेणाऱ्याच्या हाती बहुधा एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन चांगल्या वस्तू पडतात.

रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते, ती चष्मा लावून वाचा. आमिष पाव ते पाऊण औंस, तंगूस १० ते १७ पौंड, असं काहीतरी तिथं लिहिलेलं सापडेल. पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम, पाऊण औंस म्हणजे २१. सगळ्या जाहिरातीपेक्षा कामाची ओळ ती. फेकताना रॉड आमिषाच्या वजनानं मागं वाकतो आणि सरळ होताना आमिषाला पुढं ढकलतो. मनगटाचा जोर नंतरचा. आमिष त्या मर्यादेपेक्षा हलकं असेल तर रॉड वाकतच नाही आणि फेक चार हातांवर पडते. फारच जड असेल तर टोक लोळतं आणि कधी तडकतंही.

आपल्या लेखात ‘पॉवर’ आणि ‘अ‍ॅक्शन’ हे दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरले आहेत. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते: मीडियम, मीडियम-हेवी, हेवी. अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते. फास्ट रॉडचं फक्त वरचं टोक वाकतं, मॉडरेट रॉड पार मधोमध वाकतो. हेवी रॉड मॉडरेट असू शकतो आणि हलका रॉड एक्स्ट्रा फास्ट. हा घोळ मिटला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ, कारण बासच्या बाबतीत खरी मेख अ‍ॅक्शनमध्येच आहे.

बास भक्ष्याचा लचका तोडत नाही. तो तोंडाचा जबडा झटक्यात उघडतो आणि पाण्यासकट समोरचं सगळं आत ओढून घेतो. क्रँकबेट, म्हणजे पुढं जीभ असलेलं, थरथरत खोल जाणारं आमिष, तुम्ही सतत ओढत असता. मासा ते आत घेत असताना रॉड ताठ असेल, तर आमिष त्याच्या ओठांवरून निसटून पुढं येतं. हाताला नुसती ‘टक्’ जाणवते आणि मासा गेलेला असतो. मॉडरेट रॉड त्या क्षणी थोडा सैल सोडतो, आमिष तोंडात जाऊ देतो. क्रँकबेटचे तीन टोकांचे गळ बारीक तारेचे असतात, ते सहज रुततात, पण तितक्याच सहज सुटतातही. मासा उसळी मारून डोकं झटकतो तेव्हा ताठ रॉडनं भोक मोठं होतं आणि गळ गळून पडतो. म्हणून क्रँकबेटसाठी आजही कित्येक जाणकार फायबरग्लासचा किंवा ग्लास-कार्बन मिश्र रॉड धरतात. आपल्या तक्त्यात ग्लास रॉडला ‘जुनाट’ म्हणून दीड तारा दिलाय!

प्लास्टिकच्या गांडुळाचं गणित बरोबर उलटं. तिथं एकच जाड गळ असतो आणि त्याचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवलेलं असतं, म्हणजे झाडाझुडपात अडकत नाही. मासा लागला की ते टोक आधी प्लास्टिकमधून बाहेर यायला हवं आणि मग हाडाच्या जबड्यात घुसायला हवं. तिथं मऊ रॉड काय कामाचा? सात फूट, मीडियम-हेवी, फास्ट, आणि दणकून हिसका. मासा तोच, तळं तेच, सकाळही तीच, आणि लागणारे दोन रॉड स्वभावानं एकमेकांचे वैरी. ‘बाससाठी सर्वोत्तम रॉड’ असं शीर्षक द्यायचं तर आधी ‘कशाला सर्वोत्तम’ हे विचारायला हवं होतं.

कार्बनच्या नंबरांबद्दल थोडक्यात. आयएम ६, आयएम ७, आयएम ८ ही मुळात एका कार्बन धागा बनवणाऱ्या कंपनीची उत्पादन-नावं आहेत. सगळ्या रॉडवाल्यांनी मिळून ठरवलेलं मानक नाही. त्यामुळे एकाचा ‘८’ दुसऱ्याच्या ‘६’पेक्षा वरचढ, असं नुसत्या आकड्यावरून म्हणता येत नाही. ताठ कार्बन वापरला की भिंती पातळ ठेवता येतात, रॉड हलका होतो, तळाशी खडा लागला तरी बोटाला कळतं. पण तोच रॉड नावेच्या कडेवर आपटला की आतून दुखावतो आणि पुढं एखाद्या चांगल्या माशावर मोडतो. लार्जमाउथ बासचा २२ पौंड ४ औंसांचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात केला. कार्बनचे रॉड बाजारात आले ते १९७०च्या दशकात. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी औंसभर जास्त वजनाचा मासा काढला, पण विक्रम मोडायला २ औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची बरोबरी धरली गेली. मधल्या ७७ वर्षांत सामग्री कुठल्या कुठं गेली आणि माशाचं वजन औंसभर सरकलं.

आता रील. आपण स्पिनिंग रीलला ‘नवशिक्यांचं’ आणि बेटकास्टरला ‘उस्तादांचं’ म्हटलंय. फरक यंत्राचा आहे, इयत्तेचा नाही. केंटकीतल्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दातेरी चाकं बसवून असं रील घडवलं की मूठ एकदा फिरवली की तंगूस गुंडाळायची फिरकी अनेकदा फिरे. बेटकास्टरचं कूळ तिथून आलं. त्यात फेकीच्या वेळी अख्खी फिरकी गरगरते. आमिष हवेत मंदावलं आणि फिरकी नाही मंदावली की तंगुसाचा गुंता ठरलेला. म्हणून ब्रेक लागतात, चुंबकाचे किंवा केंद्रोत्सारी, आणि सगळ्यात वरचा ब्रेक म्हणजे तुमचा अंगठा. स्पिनिंगची कल्पना इंग्लंडमधल्या लोकरीच्या धंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांची, पेटंट १९०५चं. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत सुटतं तसं तंगूस स्थिर फिरकीच्या टोकावरून सुटतं, फिरकीला फिरावंच लागत नाही. साहजिकच ७ ग्रॅमच्या आतलं हलकं आमिष स्पिनिंगवर सुरेख जातं, कारण त्याला फिरकी ओढून फिरवायची नसते. १० ग्रॅमच्या वर, जाड तंगूस आणि अचूक नेम हवा असेल तर बेटकास्टर. कसलेले लोक नावेत दोन्ही ठेवतात.

स्पिनिंगवाल्यांना एक सूचना. फेक पडली की तारेची कमान हातानं बंद करा, मूठ फिरवून नको. आणि मासा तंगूस ओढून नेत असताना मूठ फिरवत बसू नका. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की तंगूस सोडणारा रीलमधला ब्रेक, सरकत असताना प्रत्येक फेरा तंगुसाला पीळ घालतो आणि संध्याकाळी त्याची वेटोळी होऊन बसतात.

बेअरिंगच्या संख्येवर माझा सगळ्यात मोठा राग आहे. पूर्वी घड्याळाच्या तबकडीवर किती ज्युवेल्स ते मिरवायचे, त्यातलाच हा प्रकार. फिरकीच्या दोन्ही टोकांना चांगली बेअरिंग हवीत, पिनियनला, म्हणजे फिरकी फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकाला, आधार हवा, मुठीच्या दांड्याला हवं. एवढी नीट बसवलेली असली की उरलेली बहुतेक आकडा वाढवायला असतात, मुठीच्या बोंडांत आणि जिथं साधी बुश, म्हणजे नुसती गुळगुळीत नळी, चालली असती तिथं. बेअरिंग किती यापेक्षा ते ज्या भोकात बसलंय ते भोक सरळ आहे का, हे मी आधी बघतो. दुकानात रील हातात घ्या, मुठीचा दांडा चिमटीत धरून आतबाहेर आणि बाजूला हलवा. ‘कट् कट्’ असा ढिलेपणा जाणवला तर रील खाली ठेवा. मग मूठ अगदी सावकाश फिरवा, घाईनं फिरवलं की खोट लपते. दाता दात्यावर चढताना बारीक खरखर लागली तर तीही बोटाला कळते. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या तबकड्या तळव्यात दाबून पुन्हा फिरवा. दाबल्यावर मूठ जड झाली तर चौकट मऊ आहे. मासा ओढेल तेव्हा तीच चौकट पिळवटेल आणि गिअर एका कडेवर घासतील. यातलं काहीही तक्त्यात मावणार नाही, आणि बेअरिंगचा आकडा मात्र ऐटीत मावतो.

गिअर रेशोबद्दल लेखात ‘जास्त तितका चांगला’ असं एक वाक्य आहे. ६.३:१ म्हणजे मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे ६.३ फेरे, एवढंच. तंगूस किती आत येतं हे फिरकीच्या व्यासावर ठरतं. भरलेल्या फिरकीचा व्यास १.३ इंच धरला तर परीघ साधारण ४.१ इंच, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे २६ इंच. लांब फेकीनंतर फिरकी १ इंचावर आली की तेच रील फेऱ्याला जेमतेम २० इंच ओढतं. फिरकी काठोकाठ भरायला सांगतात ते उगाच नव्हे, आणि दोन रीलची तुलना करायची तर इंचांची करा, रेशोची नको. वेग वाढला की जोर घटतो, हे गिअर कापणाऱ्याला सांगावं लागत नाही. खोल जाणारा क्रँकबेट पाण्यात इतका ओढ घेतो की ८:१च्या रीलवर दुपारपर्यंत मनगट भरून येतं. त्याला ५ च्या आसपासचा रेशो बरा. गांडूळ आणि जिग (शिशाचं डोकं असलेला गळ) मात्र रॉडनं हलवायचे असतात, रील फक्त ढिलं तंगूस गोळा करतं. मासा आमिष घेऊन तुमच्याच दिशेनं पोहत आला तर ते ढिलं तंगूस क्षणात आवरावं लागतं. तिथं ७ च्या वरचा रेशो खरोखर कामाला येतो.

तंगुसाला लेखात दोन ओळी आहेत, मीही फार लिहीत नाही. फ्लुरोकार्बनचं तंगूस बुडतं, म्हणून तळाच्या आमिषाला चांगलं आणि पाण्यावर नाचणाऱ्या आमिषाला वाईट, कारण ते त्याचं नाक खाली खेचतं. ब्रेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेलं तंगूस, तरंगतो, ताणला जात नाही, आणि ३० पौंडी ब्रेड जाडीला साधारण ८ पौंडी नायलॉनइतका. तो नुसता फिरकीवर गुंडाळला तर अख्खा वेढा फिरकीवर घसरतो, खाली थोडं नायलॉन लागतंच. ताण न घेणाऱ्या ब्रेडबरोबर रॉड एक पायरी मऊ घेतला तर गळ सुटत नाहीत.

ड्रॅग किती किलोचा, यालाही आपण तारे दिलेत. तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ड्रॅग लावायचा असतो. १२ पौंडी तंगुसाला ३–४ पौंड. दाट शेवाळात जाड ब्रेड वापरणारे तो जवळपास आवळून टाकतात, ते सोडा. बाकीच्यांसाठी १० किलोचा ड्रॅग नुसता लिहिण्यापुरता आहे. तो न अडखळता सुटतो का, हे महत्त्वाचं. ते कळायला तंगूस हातानं ओढून बघावं लागतं.

आणि रॉडवरच्या कड्या. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून आतून फिरवा. चिनी मातीसारख्या त्या आतल्या कड्याला केसाएवढी चीर असली तर कापसाचे तंतू तिथं अडकतात. डोळ्यांना ती चीर दिसत नाही, तंगुसाला मात्र प्रत्येक फेकीत ती कापत असते. नव्या रॉडलाही हे करून पाहावं, दुकानदार कितीही वाकडं तोंड करो.

माझ्याकडे तरुण मुलं ‘काका, एकच घ्यायचं तर काय?’ असं विचारत येतात. त्यांना मी स्पिनिंगच सांगतो: पावणेसात-सात फुटी, मीडियम, फास्ट रॉड, २५०० मापाचं रील, १० पौंडी ब्रेड आणि पुढं हातभर-दोन हात फ्लुरोकार्बन. हलकं-मध्यम जवळजवळ सगळं त्यावर होतं. हात बसला की मीडियम-हेवी बेटकास्टर. क्रँकबेटचं वेड लागलं तरच तिसरा, ग्लासचा. बेटकास्टर घेताना मूठ डावीकडे की उजवीकडे, हे दुकानातच ठरवून घ्या. पुष्कळ बेटकास्टरची मूठ मागाहून दुसऱ्या बाजूला नेता येत नाही. आपला तक्ता याबद्दल मूग गिळून बसलाय.

पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा एवढं करा: बेअरिंगचा रकाना काढून तिथं एका फेऱ्याला किती इंच ते लिहा, रॉडपुढं छापील आमिष-मर्यादा ग्रॅममध्ये द्या आणि मूठ कुठल्या बाजूची ते टाका. ताऱ्यांच्या जागी ‘कशासाठी’ हा एक रकाना पुरे.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर