दहा गुणांच्या फरकाला कल म्हणू नका

महोदय,

कलचाचणीच्या अहवालात ‘भाषिक ११२, अवकाशीय १०२’ असे आकडे दिसले (अवकाशीय म्हणजे आकार आणि जागा मनात फिरवून पाहण्याची क्षमता), की विद्यार्थ्याला लगेच शाखा सुचवली जाते. त्याआधी साधा हिशेब करावा.

मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवले, की निरनिराळ्या विषयांतले गुण सोबतच वर-खाली होतात. त्यामागचा समान घटक म्हणजे सामान्य बुद्धिमत्ता. मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी १९३८ मध्ये सात प्राथमिक क्षमता वेगळ्या काढल्या खऱ्या, पण त्याही एकमेकींशी निगडितच निघाल्या. त्यामुळे एका उपचाचणीच्या (एकेक क्षमता मोजणाऱ्या भागाच्या) गुणांतून दुसरीचे वजा केले, की समान भाग बराचसा निघून जातो आणि दोन्हींतल्या मापनत्रुटी मात्र मागे राहतात.

समजा, दोन्हींची विश्वसनीयता (गुण किती भरवशाचे, ० ते १) ०.८५ (म्हणजे चांगलीच!) आणि परस्पर सहसंबंध (दोन्ही गुण किती सोबत वर-खाली होतात) ०.७० आहे. ०.८५ मधून ०.७० वजा करून ०.३० ने (१ वजा ०.७०) भागा. फरकाची विश्वसनीयता उरते फक्त ०.५०. प्रमाण विचलन (गुणांचा सर्वसाधारण पसारा) १५ धरले तर एका गुणाची प्रमाणत्रुटी (मोजण्यातली नेहमीची चूक) सुमारे ५.८, फरकाची ८.२. म्हणजे ९५ टक्के खात्रीने बोलायला त्याच्या जवळपास दुप्पट, निदान १६ गुणांचे अंतर हवे. वरचे १० कशात जमा?

विशिष्ट क्षमता खोट्या नाहीत. अभियांत्रिकीसारख्या क्षेत्रांत अवकाशीय क्षमतेमुळे अंदाज खरोखर सुधारतो. पण मोजक्या प्रश्नांत ती नीट मोजली जात नाही. ०.६० विश्वसनीयतेच्या उपचाचणीत तशाच दर्जाचे दुप्पट प्रश्न घातले, तरी ती ०.७५ पर्यंतच पोहोचते. चाचणी छापणाऱ्यांनी प्रत्येक उपगुणाशेजारी त्रुटीची मर्यादा आणि उपचाचण्यांमधले सहसंबंध द्यावेत.

– एक वाचक